अमेरिकन गाडी बघायला जाताना

जुनी गाडी 'बघायला जाणं' हा आमच्या कोल्हापुरात अजूनही स्थळ बघायला जाण्याइतकाच गंभीर कार्यक्रम आहे. घेणारा एक, पण बघायला जाणारे पाच. एकजण आल्या आल्या बॉनेट उघडतो. दुसरा बोटांनी पत्र्यावर टकटक करत गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो. तिसरा ड्रायव्हरच्या सीटवर बसून उगाचच स्टिअरिंग डावीउजवीकडे फिरवून बघतो. चौथा, मालकाने पुढे केलेला चहा संपायच्या आत विचारतो, "ॲव्हरेज काय देते?" आणि पाचवा काहीच बोलत नाही. तोच व्यवहारातला खरा माणूस. त्याची नजर गाडीवर नसतेच, मालकाच्या तोंडावर असते.

मारुती, फियाट, ॲम्बॅसॅडर, काहीही असो, या पाचजणांचं बरोबर जमतं. पण समोर जुनी, लांबरुंद, सहा माणसं ऐसपैस बसतील अशी अमेरिकन सेडान उभी राहिली की पाचही जणांची पंचाईत होते. ही गाडी नक्की काय म्हणून बघायची? राजाची मोटार म्हणून? टॅक्सी म्हणून? भंगार म्हणून? की दागिना म्हणून? गंमत अशी की गेल्या शंभर वर्षांत आपल्याकडे ती या चारही नजरांनी बघितली गेली आहे. अशा गाड्यांच्या किमतीबद्दल आज जो गोंधळ दिसतो, तो या चार नजरा एकमेकींत मिसळल्यामुळे आहे असं मला वाटतं. म्हणून त्या जरा सुट्या करून बघू.

सुरुवात अर्थातच राजापासून. कोल्हापुरात जुनी मोटार म्हटलं की कुणीही पटकन म्हणेल, मेबॅक. दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या सोहळ्यासाठी छत्रपती घराण्यातली मंडळी ज्या गाडीतून दसरा चौकात येतात ती. ती गाडी बघायला जमणारी गर्दी बघितली की 'दारात हत्ती झुलणे' या वाक्प्रचाराचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ज्या गावात हत्तींची साठमारी चालायची आणि जिथे शाहू महाराजांच्या खडखड्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात, त्या गावाला वाहन म्हणजे फक्त वाहन नसतं हे वेगळं शिकवायला नको.

पण मेबॅक जर्मन. ती कंपनी १९२१ ते १९४१ या वीसेक वर्षांतच गाड्या बनवायची, त्याही मोजक्या. अशी गाडी बघायची ती मूर्तीसारखी. तिला ॲव्हरेज विचारायचं नसतं. अमेरिकन गाडीचं नशीब वेगळं. ती राजवाड्यातही होती आणि बाजारातही. संस्थानिकांनी घेतली, वकील-डॉक्टरांनी घेतली, व्यापाऱ्यांनी घेतली. ती मूर्ती झाली नाही, कारण ती राबली. आणि माझ्या मते तिची खरी किंमत तिच्या राबण्यातच आहे. पण त्याकडे नंतर येतो.

आधी हा प्रश्न की भारतावर राज्य इंग्रजांचं, मग गाड्या अमेरिकन का? विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात हिंदुस्थानात अमेरिकन गाड्यांनी ब्रिटिश गाड्यांना सरळ मागे टाकलं होतं. याचं कारण लोकांच्या आवडीनिवडीत शोधण्यापेक्षा करात शोधावं. इंग्लंडमध्ये गाडीवरचा कर हॉर्सपॉवरवर होता, आणि ती हॉर्सपॉवर मोजायची सिलिंडरच्या व्यासावरून. १९२१ पासून दर हॉर्सपॉवरला एक पौंड. मग तिथल्या कारखान्यांनी काय केलं? व्यास लहान ठेवला आणि स्ट्रोक लांब केला. बारीक, लांबट सिलिंडरची छोटी इंजिनं निघाली. इंग्लंडच्या गुळगुळीत रस्त्यांवर ती झकास चालायची. तीच गाडी घाटात आणली की दर वळणाला गिअर बदला आणि पाण्याचा डबा जवळ ठेवा.

अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, अंतरं मोठी आणि खेड्यापाड्यातले रस्ते आपल्यासारखेच मातीचे. त्यामुळे तिथल्या गाडीचं इंजिन मोठं, संथ, कमी फेऱ्यांतही जोर देणारं. चासी जाडजूड, गाडी जमिनीपासून उंच. शेव्हरोलेने १९२९ मध्ये सहा सिलिंडरचं इंजिन आणलं आणि चार सिलिंडरच्या गाडीच्या आसपासच्या किमतीत सहा सिलिंडर मिळू लागले. अशी गाडी वरच्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चालवायची आणि तसाच पाय दाबायचा. ती न कुरकुरता वेग घेते. आंबा घाट, फोंडा घाट, करूळ घाट, पन्हाळ्याची चढण असे आमच्या भागातले रस्ते ज्यांच्या नशिबी होते, त्यांना ही 'लक्झरी' मखमली गाद्यांपेक्षा मोठी वाटली असणार. मागच्या सीटवरच्या माणसाला गिअर बदलल्याचं कळत नाही, इतकी साधी गोष्ट. पण ज्याने बैलगाडीतून प्रवास केला आहे त्याला विचारा.

अमेरिकन कंपन्या हे ओळखून इथे आल्याच. फोर्डने १९२६ मध्ये आपल्या कॅनडातल्या कंपनीमार्फत भारतात कंपनी काढली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. यात कॅनडाचा संबंध महत्त्वाचा आहे. कॅनडा ब्रिटिश साम्राज्यात, आणि उजव्या हाताचं स्टिअरिंगही तिथे बसवलं जायचं. म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच 'अमेरिकन' गाड्यांवरच्या पट्टीवर कॅनडाचं नाव असतं. ते बघून "ही ओरिजिनल अमेरिकन नाही" म्हणून नाक मुरडणारा घेणारा असेल, तर त्याला इतिहास माहीत नाही असं समजावं.

आता 'लक्झरी' या शब्दाबद्दल थोडं. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने आपल्या गाड्यांची एक शिडीच तयार केली होती. सगळ्यात खाली शेव्हरोले, मग पाँटिॲक, ओल्ड्समोबिल, ब्यूक आणि शेवटच्या पायरीवर कॅडिलॅक. पगार वाढला की माणसाने एक पायरी चढायची. अमेरिकेत शेव्हरोले म्हणजे शिक्षकाची, शेतकऱ्याची गाडी. तीच गाडी समुद्र ओलांडून मुंबईला उतरली आणि तिथून सव्वादोनशे-अडीचशे मैलांवर कोल्हापुरात पोचली की ती श्रीमंताची गाडी झाली. डॉजचं तेच, प्लिमथचं तेच. म्हणजे लक्झरी ही गाडीत नव्हती, ती अंतरात होती. आज जुनी गाडी बघताना ब्यूक आणि कॅडिलॅक या नावांना भुलून जाणारे भेटतात तेव्हा मला ही शिडी आठवते. आपल्याकडे त्या शिडीच्या सगळ्या पायऱ्या एकाच उंचीवर होत्या.

दुसरी नजर स्वातंत्र्याच्या आसपास सुरू होते, आणि इथे एका मराठी मुलखातल्या माणसाचं नाव घ्यायलाच हवं. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद. गाड्या इथेच बनवाव्यात हा ध्यास त्यांना आणि विश्वेश्वरय्यांना तिसाच्या दशकापासून होता. महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने त्यांना दाद दिली नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, क्रायस्लरशी करार झाला आणि १९४७ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉजचे ट्रक आणि गाड्या बाहेर पडू लागल्या. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी.

या कुर्ल्याच्या गाड्यांबद्दल घेणाऱ्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. डॉज किंग्जवे, प्लिमथ आणि डिसोटो डिप्लोमॅट ही तीन नावं, पण पोटात गाडी एकच. पुढची जाळी वेगळी, बिल्ले वेगळे, काही पट्ट्या वेगळ्या. चासी, इंजिन, गिअरबॉक्स तेच. तेव्हा हा विकण्याचा डाव होता, तीन दुकानांत तीन नावांनी एकच माल. आज हाच डाव घेणाऱ्याच्या उपयोगी पडतो, कारण डिसोटोचा भाग मिळाला नाही तर डॉजचा बसतो.

पण हे दिवस थोडेच होते. १९५३ च्या सुमाराला सरकारने धोरण ठरवलं की नुसत्या गाड्या जोडणाऱ्यांना इथे जागा नाही. ज्याला राहायचं त्याने हळूहळू सगळे भाग इथे बनवायचे. जनरल मोटर्स आणि फोर्डने हिशोब केला आणि १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. प्रीमियरने त्याच वर्षी फियाट ११०० आणली, पुढे १९५७ मध्ये हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसॅडर आली. देशाच्या दृष्टीने धोरण बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. पण त्यामुळे हजारो अमेरिकन गाड्या एका रात्रीत पोरक्या झाल्या हे खरं. आई-बाप सातासमुद्रापार आणि सुटे भाग बंद.

मग साठच्या दशकात नवी अमेरिकन गाडी हवीच असेल तर वाट एकच, वकिलातींनी वापरून टाकलेल्या गाड्या. स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत त्या विकल्या जायच्या, आणि सिनेमातले नट, मोठे व्यापारी त्यावर बोली लावायचे. इम्पाला हा शब्द आपल्या कानावर सिनेमामुळे पडला तो याच काळात. १९५९ ची इम्पाला सव्वापाच मीटरपेक्षा लांब आणि दोन मीटरपेक्षा थोडी जास्त रुंद होती. मारुती ८०० ची लांबी साडेतीन मीटरही नाही. ती गाडी महाद्वार रोडला वळवायची म्हटलं तर निम्मं गाव बघायला आलं असतं, आणि उरलेल्या निम्म्या गावाचा रस्ता बंद झाला असता.

ज्यांना इम्पाला परवडत नव्हती, आणि ती जवळजवळ कुणालाच परवडत नव्हती, त्यांच्याकडे जुन्या गाड्याच उरल्या. इथून तिसरी नजर सुरू होते, आणि इथेच कोल्हापूर या गोष्टीत खऱ्या अर्थाने शिरतं.

या गावाला वस्तू उघडून बघायची खोड फार जुनी. बाबूराव पेंटरांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात परदेशी कॅमेऱ्याची रचना अभ्यासून स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि त्यावर सिनेमे काढले. १९२० चा 'सैरंध्री' त्याच वळणावरचा. ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा घरी बनवला जातो तिथे मोटारीचं इंजिन उघडायला कोण घाबरणार? पुढे ऑइल इंजिनं, ओतीव काम, लेथ मशिन्स यांचं सगळं जगच शिवाजी उद्यमनगरात उभं राहिलं. पोरक्या अमेरिकन गाड्यांना अशा गल्ल्यांत नवे आई-बाप मिळाले.

आणि त्या गाड्याही अशा होत्या की मेस्त्रीला सहकार्य करायच्या. डॉज-प्लिमथचं सहा सिलिंडरचं इंजिन घ्या. साडेतीन लिटरपेक्षा मोठं आणि ताकद शंभर हॉर्सपॉवरच्या आत. म्हणजे इंजिन कधी ताणात नसायचंच. व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये. वरचं हेड म्हणजे नुसतं झाकण. ते उतरवायला विशेष विद्या लागत नाही. सगळं ओतीव लोखंड, सगळीकडे भरपूर जागा, हात आत जातो. पिस्टन गेला? बोअर करा, जाड पिस्टन घाला. तेही संपलं? स्लीव्ह घाला, पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेव्हरोलेच्या जुन्या सहा सिलिंडरमध्ये तर कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं सुटी मिळायचीच नाहीत, रॉडमध्येच व्हाइट मेटल ओतून घासून बसवावं लागायचं. ज्यांच्याकडे ओतण्याची आणि घासण्याची कला होती त्यांना ही अडचण वाटलीच नसेल, काम वाटलं असेल.

वडिलांच्या पिढीतल्या लोकांकडून मी या गाड्यांच्या टॅक्सीच्या दिवसांबद्दल खूप ऐकलं आहे. पुढे ड्रायव्हरसकट चार, मागे पाच, मांडीवरची पोरं मोजायची नाहीत, टपावर गुळाच्या ढेपांपासून लग्नाच्या रुखवतापर्यंत काहीही. जोतिबाची यात्रा, वाडीचं दर्शन, मिरजेला पेशंट. आज आमच्याकडे ज्याला वडाप म्हणतात त्याची ही आजीच म्हणा. राजेशाही थाटासाठी दिलेली जागा, मऊ स्प्रिंगा आणि संथ इंजिन हे सगळे गुण वडापलाही तितकेच उपयोगी पडले.

आता तुम्ही म्हणाल की ही गाडीची अधोगती झाली. मला तसं वाटत नाही, आणि याला अमेरिकेतलीच साक्ष आहे. तिथली पारंपरिक मोठी लक्झरी सेडान, म्हणजे वेगळी चासी, पुढे व्ही-आठ इंजिन, मागच्या चाकांना जोर, आत सोफ्यासारख्या सीटा, ही जात २०११ मध्ये लिंकन टाऊन कारबरोबर संपली. आणि शेवटच्या वर्षांत ती मुख्यतः कुणी घेतली? विमानतळावर माणसं सोडणाऱ्या भाड्याच्या गाडीवाल्यांनी. तिचीच बहीण फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया टॅक्सीत आणि पोलिसांत राबली. श्रीमंत मंडळी केव्हाच जर्मन आणि जपानी गाड्यांकडे गेली होती. पण ज्याला रोज तीनशे मैल गाडी पळवून पोट भरायचं होतं त्याला हीच हवी होती. लांब चालते, सोपी आहे, ठोकली तर दुरुस्त होते. न्यूयॉर्कच्या आणि कोल्हापूरच्या टॅक्सीवाल्याने एकमेकांना न विचारता एकच निकाल दिला. मोठ्या अमेरिकन गाडीबद्दल एवढा प्रामाणिक अभिप्राय दुसरा कुठला असेल असं मला वाटत नाही.

एक दोष मात्र कुठल्याही मेस्त्रीला काढता येत नव्हता. भूक. लिटरला पाच-सहा किलोमीटर. कोल्हापूर-पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस लिटर पेट्रोल एकेरी. १९७३ मध्ये तेलाच्या किमती भडकल्या आणि हत्ती पोसणं कठीण झालं. मग ठिकठिकाणी मेस्त्रींनी जो उपाय केला तो म्हणजे पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेल बसवणं. मद्रासच्या सिम्पसन कंपनीत बनणारी पर्किन्सची इंजिनं होती, पुढे मॅटाडोरची इंजिनं आली. अमेरिकन गाडीच्या बॉनेटखाली जागा इतकी की काहीही बसतं. आवाज वाढला, थरथर वाढली, वेग कमी झाला, पुढचे स्प्रिंग जरा बसले. पण गाडी चालू राहिली. आणखी वीस-पंचवीस वर्षं.

इथपर्यंतचा इतिहास मी ज्या कारणासाठी सांगितला तो मुद्दा आता येतो.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे कुर्ल्याच्या कारखान्यातली अशीच एक डॉज आहे. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी भाड्याने चालवलेली, सत्तरच्या दशकात डिझेल केलेली. त्या गाडीच्या भाड्यावर दोन आत्यांची लग्नं झाली, असं त्या घरात सांगतात. गेली काही वर्षं ती शेडमध्ये उभी होती. एक घेणारा आला, त्याने सगळं बघितलं, बॉनेट उघडलं आणि डिझेल इंजिन बघून बंद केलं. म्हणाला, "गाडी बाद आहे. शेलचे पैसे देतो." शेल म्हणजे रिकामं कवच. घरातले काका, वय सत्तरीच्या पुढे, एवढंच म्हणाले, "बाद कशी? पन्नास वर्षं ह्याच इंजिनावर चालली की."

मी तिथे होतो. आणि मला वाटलं, दोघांचंही बरोबर आहे, फक्त ते दोन वेगवेगळ्या नजरांनी एकच गाडी बघताहेत.

घेणाऱ्याची नजर म्हणजे चौथी, दागिन्याची. तिला आता कायद्याचाही आधार आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला पाच हजार, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. आणि महत्त्वाची अट, गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. नियम वाईट नाही. यामुळे कितीतरी गाड्या भंगारातून वाचतील. पण त्यातून निघणारा अर्थ बघा. जी गाडी श्रीमंताच्या गॅरेजमध्ये कापडाखाली झोपून राहिली, ती वारसा. जी गाडी इंजिन बदलून राबली, आणि त्या बदलामुळेच जिवंत राहिली, ती बाद. डिझेल घातलं नसतं तर ती १९८० च्या आतच तोडली गेली असती, आणि मग मूळ-बिघूळ काही शिल्लकच राहिलं नसतं.

मग घेणाऱ्याने करायचं काय? मला लोक विचारतात म्हणून, आणि चार गाड्या बघून झाल्या आहेत म्हणून, माझं मत सांगतो.

पहिलं, इंजिनाला घाबरू नका, आणि भुलूही नका. पाच बघणाऱ्यांतला पहिला माणूस आल्या आल्या बॉनेट उघडतो ना, त्याला आधी खाली बसायला सांगा. आमच्या भागात इंजिन होऊन जातं. होत नाही ते क्रोमचं सामान, दिव्यांच्या काचा, वाकवलेली काच, डॅशबोर्डचे काटे आणि दरवाजाची हँडलं. त्या काळातल्या बऱ्याच शोभेच्या वस्तू जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या असतात. त्या फुगतात, त्यांना भेगा पडतात आणि त्या धड वितळवून जोडताही येत नाहीत. समोरची जाळी आणि बिल्ले पूर्ण आहेत पण इंजिन जाम आहे, अशी गाडी घ्या. इंजिन सुरेल आहे पण अर्धं सामान गायब आहे, तिथे दोनदा विचार करा.

दुसरं, गाडीखाली शिरा. हे कोल्हापूर आहे. २००५, २०१९, २०२१, पंचगंगेने गावात येऊन किती शेडमधल्या गाड्या बुडवल्या याचा हिशोब नाही. वरून रंग मारला की पूर दिसत नाही. पण चासीच्या पोकळ भागात, सीटखालच्या पत्र्यावर, दरवाजाच्या तळाशी गाळाची बारीक पावडर सापडते. या गाड्यांची सगळी ताकद चासीत. ती सडली असेल तर वरचा थाट म्हणजे नुसता चित्ररथ.

तिसरं, डिझेल गाडी असेल तर बसवणाऱ्याचं काम बघा. फाउंडेशनसाठी चासीचा आडवा भाग कापला आहे का, की मूळ भोकांवर ब्रॅकेट करून इंजिन बसवलं आहे? जुन्या चांगल्या मेस्त्रींनी बरेचदा दुसरा मार्ग घेतलेला असतो, मूळ वस्तूला हात न लावता. अशी गाडी उद्या कुणाला पुन्हा पेट्रोलवर न्यायची असेल तर नेता येते. कापलेली गाडी नाही नेता येत. या एका गोष्टीवर किमतीत मोठा फरक पडला पाहिजे, आणि गंमत म्हणजे हे कुणी बघतच नाही.

चौथं, कागद. आरसी बुकात इंजिन बदलाची नोंद आहे का? डिझेल म्हणून लिहिलेलं आहे का? चासी नंबर गाडीवर आणि कागदावर जुळतो का? एमएच ०९ च्या आधीचा जुना नंबर असेल तर मूळ पुस्तक मागा, झेरॉक्सवर समाधान मानू नका. वारसांत किती नावं आहेत तेही विचारा. चार भावांची गाडी एका भावाकडून घेणं म्हणजे दावा विकत घेणं.

पाचवं आणि शेवटचं, स्वतःला विचारा की तुम्ही चारपैकी कुठल्या नजरेने घेताय. मिरवायला हवी असेल तर मूळ पेट्रोलचीच घ्या, पैसे मोजा, आणि वर्षातून चारदा बाहेर काढायची तयारी ठेवा. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर सोनं बरं, त्याला शेड लागत नाही. पण आपल्या भागाची एक खरी वस्तू जपायची म्हणून घेत असाल, तर बाद ठरलेल्या गाड्यांकडे एकदा नीट बघा.

त्या डॉजबद्दल त्या घरात दोन महिने वाद झाला. मुलाचं म्हणणं, डिझेल काढून कुठूनतरी जुनं पेट्रोल इंजिन आणून बसवू, मग दुप्पट पैसे येतील. मी एवढंच म्हणालो की दुसऱ्या गाडीतलं इंजिन आणून 'मूळ' करण्यापेक्षा आहे ती खरी गाडी, तिचे फोटो, भाड्याच्या जुन्या पावत्या आणि ज्या मेस्त्रीने काम केलं त्याची माहिती एकत्र ठेवा. ते काम कुणाच्या हातचं हे काकांनी लगेच सांगितलं, त्या मेस्त्रीच्या नातवाचं वर्कशॉप अजून चालू आहे. गाडी अजून विकलेली नाही. पैशाची गरज आहे, त्यामुळे पुढे काय होईल ते माहीत नाही, आणि त्यांनी विकली तरी मी त्यांना दोष देणार नाही. शेड, पाऊस आणि दवाखान्याची बिलं यांना वारसा कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की किंमत ठरवताना आपण एक मोठं खातं कोरं सोडतो. डेट्रॉइटमध्ये एका इंजिनिअरने गाडी कागदावर काढली, त्याला आपण वारसा म्हणतो. त्याच गाडीत, ना नकाशा ना पुस्तक, भलतंच इंजिन बसवून ती पुढे पन्नास वर्षं चालवणाऱ्या माणसाच्या कामाला आपण बिघाड म्हणतो. दोन्हींत डोकं लागलं, हात लागले. पहिलं काम अमेरिकेत शंभर ठिकाणी जपून ठेवलेलं आहे, तिथल्या संग्रहालयांत नीट पुसून मांडलेलं आहे. दुसरं काम आपल्याकडे झालं, आणि ते आपण भंगारवाल्याला किलोवर घालतोय.

तेव्हा कुठे शेडमध्ये अशी एखादी बाद गाडी दिसली तर घ्याच असं नाही. पण निघायच्या आधी एवढं जरूर विचारा, की हे इंजिन कुणी बसवलं?